उत्क्रांतीच्या प्रात्यक्षिकाविषयी अभ्यासमंडळांस विनंती

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र अभ्यासमंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,



हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेले समतोलाचे सूत्र आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. परंतु ते ज्या अमर्याद समष्टीचे आहे ती सृष्टीत कोठेच नसल्यामुळे, लहान समष्टीत केवळ यदृच्छेने जनुकांचे काय होते, हे शिकण्याची वेळ येते तेव्हा त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकातील एकच आकृती असते, आणि एका आकृतीवरून यदृच्छेचे स्वरूप कोणासही उमगणे शक्य नाही.

पीटर ब्यूरी यांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपणांस परिचित आहेच. फळमाशीच्या १०७ समष्टी, प्रत्येकीत दर पिढीस ८ नर व ८ माद्या, आणि डोळ्यांच्या रंगाशी संबंधित एका जनुकाची दोन रूपे आरंभी समप्रमाणात. १९ पिढ्यांअंती त्यांपैकी एक रूप ३० समष्टींतून नाहीसे झाले होते, तर २८ समष्टींत तेवढेच शिल्लक राहिले होते. एकच बाटली पाहणाऱ्याने यावरून निवडीचा निष्कर्ष काढला असता. १०७ बाटल्या एकत्र पाहणाऱ्यासच यदृच्छा दिसते. इतका खटाटोप आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातला नाही, मात्र साध्या संगणकावरील सिम्युलेशनने तो एका तासिकेत होतो, आणि ८ च्या जागी ८० नर-माद्या घेतल्यास काय होईल, हेही विद्यार्थी स्वतःच पडताळू शकतो. आयुष्याची अखेरची वर्षे भारतात घालविणाऱ्या हॉल्डेन यांनी १९२७ सालीच दाखविले होते की, मोठ्या समष्टीतही एक टक्का लाभ देणारे नवे उत्परिवर्तन टिकण्याची शक्यता सुमारे दोन टक्केच असते. उपकारक ते टिकणारच, अशी दृढ समजूत घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास हे विधान वाचून पटत नाही. ते उत्परिवर्तन पुनःपुन्हा लोप पावताना पाहिले म्हणजे पटते.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रात्यक्षिकांच्या मसुद्यात या सिम्युलेशनास नियमित स्थान द्यावे, आणि त्याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे, कळ दाबण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले भाकीत कारणांसह जर्नलमध्ये लिहावे व गुण त्या भाकिताच्या आणि नंतरच्या मीमांसेच्या तर्कशुद्धतेस मिळावेत, अशी तजवीज करावी. भाकीत चुकले म्हणून गुण कापू नयेत. ही अट नसल्यास पडद्यावरील रेषा पाहून तासिका संपेल. जिवंत माश्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेतून हलवाव्यात, असे मी मुळीच सुचवीत नाही. संकराचे प्रयोग त्यांच्यावरच व्हावेत. सिम्युलेशनची कित्येक साधने विनामूल्य असल्याने खर्चाची हरकत फारशी उरत नाही. अध्यापकांच्या प्रशिक्षणाची तरतूद मात्र आधी व्हावी.

कळावे, ही विनंती.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक अध्यापक