पडदा बदलण्याआधी
उज्जैनच्या राम घाटावर दुपारी लॅपटॉप उघडला की पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावाच लागतो. शिप्रेच्या पाण्यावरून येणारी तिरीप अक्षरं पुसून टाकते. नेमकी तिथेच सूर्याचं चित्र असलेली कळ दाबून दाबून बोट दुखतं, पट्टी सरकते, पडदा मात्र ढिम्म! 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपल्यावर अनेकांनी 11 घेतलं, आणि अशा बदलानंतर हा त्रास हमखास कुणाच्या तरी वाट्याला येतो. लोक पडदाच गेला समजून दुकान गाठतात. बहुतेकदा तो ठणठणीत असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ दिसला, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर गळालाय हे नक्की. हा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. लिनक्सची तऱ्हा निराळी: तिथे कधी एकाच उजेडाचे दोन कारभारी नेमले जातात, कळ हुकूम देते एकाला आणि दिवा असतो दुसऱ्याच्या हाती. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबमध्ये ‘acpi_backlight=native’ लिहिल्यावर पुष्कळदा काम भागतं. नव्या पडद्याचे पैसे मोजण्याआधी एवढं तपासाच, आणि दुकानदारालाही आपल्यासमोर तपासायला लावा.