‘व्हेअर’ विसरलात? मग कीर्द शोधा

जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एआय एजंटने एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना! वर ‘आता मागे जाता येणार नाही’ असंही सांगितलं. प्रत्यक्षात रोलबॅक चालला, डेटा परत आला. चर्चा झाली ती एजंटच्या आगाऊपणाची. मला मात्र दुसरा प्रश्न मोठा वाटतो: परतीची वाट आहे की नाही, हे आपल्याला आधी ठाऊक असतं का?

चूक करायला एआयच लागतो असं नाही. अपडेट कमांडमध्ये ‘व्हेअर’ राहिला, की एकाचा पत्ता सगळ्या ग्राहकांना चिकटतो. किती ओळी बदलल्या तो आकडा स्क्रीनवर येतो आणि पोटात गोळा उठतो.

अशा वेळी वाचवते ती नोंदवही. जुन्या पेढीवर कीर्द-खतावणी असायची ना, तसंच. टेबल म्हणजे खतावणी, आणि प्रत्येक बदल क्रमाने जिथे लिहिला जातो ती कीर्द. पोस्टग्रेसमध्ये तिला वॉल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग. आयबीएमच्या काही यंत्रणांत तर नावच जर्नल. बिनलॉग ‘रो’ प्रकारात आणि पूर्ण ओळ नोंदवणारा असेल, तर जुनी-नवी दोन्ही मूल्यं त्यात सापडतात. त्यावरून उलटी अपडेट लिहिता येते, मधलं काम न गमावता. पोस्टग्रेसच्या वॉलवरून असं उलटं जाता येत नाही. तिथे जुना बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उभा करायचा, त्यावर वॉल पुढे चालवायचा आणि चुकीच्या क्षणाच्या जरा अलीकडे थांबायचं. इथे बरेच जण फसतात: त्यासाठी फाइल पातळीवरचा बेस बॅकअप लागतो. पीजी-डंपवर वॉल चढत नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचं काय झालं ते बघा. दुय्यम सर्व्हर मागे पडला, कारण त्याला हवे असलेले वॉलचे तुकडे मुख्य सर्व्हरवरून आधीच निघून गेले होते. ते वेगळे साठवायची सोयच चालू नव्हती. मग हाताने जुळवणी करताना इंजिनिअरने भलत्याच, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचं डेटा फोल्डर पुसलं. पीजी-डंपही कधीपासून अपयशी होत होता, आवृत्ती जुळत नव्हती म्हणून. आणि तसं कळवणारे ईमेल नाकारले जात होते! सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर भागलं. त्यानंतरचे सहा तास गेले ते गेलेच. कीर्दच नव्हती, तर चालवणार काय?

मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग मुळात ३० दिवस राहतो. डिस्क भरतेय म्हणून कुणी तो दोन दिवसांवर आणलाय का, आजच बघा. आणि चूक झालीच, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी लॉगच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. आपोआप होणारी साफसफाई तुमच्यासाठी थांबत नाही.