वालाला युरिया कशाला?

संक्रांतीच्या आसपास नेरुळहून अलिबागकडे काकांच्या घरी पोपटी खायला जाणं हा आमचा दरवर्षीचा नेम. भांबुर्डीचा पाला, मडकं, वालाच्या शेंगा... जाऊ दे, ऑफिसात बसून वाचणाऱ्यांचे शिव्याशाप नकोत! यंदा मात्र पोपटीपेक्षा वादच जास्त रंगला. कारण पडवीतली युरियाची गोणी. भात तर कधीच कापून झालेला. ही गोणी वालासाठी!

"पानं कशी हिरवीगार झालीत बघ," काका म्हणाले. झाली होती खरी. मी एक रोप हलकेच खणून काढलं. मुळांवर गाठी मोजून तीन-चार. मग युरिया न पोचलेल्या कोपऱ्यातलं एक काढलं, तर गाठींचा गजराच! एक फोडून दाखवली, आतून लालसर गुलाबी.

या गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतला नत्र झाडाला देतात. बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 सालीच हे जिवाणू वेगळे काढून दाखवले, म्हणजे बातमी काही ताजी नाही. आता मातीत आयता नत्र मिळाला तर झाड या पाहुण्यांना कशाला पोसेल? ते गाठी धरणंच कमी करतं. आपण पैसे मोजून फुकटचा कारखाना बंद पाडतो!

दोष काकांचा नाही (काका, तुम्ही हे वाचणार आहात, ठाऊक आहे!). 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीचा खर्च सरकार म्हणजे तुम्ही-आम्ही भरतो. मग हात सैल सुटणारच.

जिवाणूंचं काय? 250 ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. मी बाल्कनीतल्या वालासाठी आणायला गेलो, तर दुकानदाराने उन्हात तापलेलं, मुदत संपलेलं पाकीट पुढे केलं. वर "चालतं हो!" अहो, जिवंत वस्तू आहे ती! असली मेलेली पाकिटं वापरून लोक म्हणतात, जैविक खत म्हणजे थोतांड. माझा खरा राग इथे आहे.

'सगळं जैविकच हवं' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. राजमा गाठी फार कमी धरतो, त्याला नत्र द्यावाच लागतो. वालालाही स्फुरद लागतं, ते काही हे जिवाणू हवेतून आणत नाहीत. पेरताना थोडासा नत्र दिला तर तेही समजू शकतो. पण उभ्या पिकावर मुठीमुठीने युरिया?

असो. शेवटी तह झाला. पुढच्या वर्षी बांधाकडची दोन खाचरं माझ्या हवाली. पाकीट मी तारीख बघून, सावलीत जपून नेणार. काकू म्हणाली, "दोन्हीकडच्या वालाचं बिरडं वेगवेगळं करते, मग भांडा."