फॅमिली आतमध्ये आहे!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आठवड्यातून चार तास, आणि त्यातले दोन तास शुद्धलेखनाच्या चुका मोजण्यात जायचे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते माझं, आणि बरोबर असेल तर ते संपादक मंडळाचं! पण हा विषय इंग्लिश सेक्शनमध्ये लिहावासा वाटला नाही. कारण तो ज्या भाषेत घडला, त्याच भाषेत सांगण्यात मजा आहे. मजा म्हणजे... असो, वाचाच.

आपल्या हॉस्टेलचा एक सनातन प्रश्न आहे : रविवारी रात्री जेवायचं कुठे? मेस बंद. दुपारच्या 'फीस्ट'मधली पुरी संध्याकाळपर्यंत पोटात टिकते, पण आठ वाजता भूक दारात हजर. सेकंड इयरला असताना जुलैतल्या एका रविवारी माझ्या दोन्ही रूम पार्टनर घरी गेल्या होत्या, एक चिपळूणला आणि एक सावंतवाडीला. मी ठाण्याची, वीकएंडला घरी जाणं शक्य नाही. म्हटलं, आज एकटीच जाऊ. छत्री घेतली, शेअर रिक्षा पकडली आणि मारुती मंदिरला उतरले. पाऊस असा की छत्री नुसती नावाला.

जवळच्या एका साध्या हॉटेलात शिरले. नाव सांगत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाही. तसली दहा हॉटेलं तुम्हालाही माहीत आहेत. पुढच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून एक टेबल रिकामं होतं. पाऊस बघत गरम डाळ-भात खायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. बसले नाही तोच वेटर आला.

"मॅडम, फॅमिली आतमध्ये आहे."

मला खरंच आधी कळलं नाही. मी म्हटलं, "माझी फॅमिली ठाण्याला आहे."

तो हसला नाही. त्याने नुसतं बोट दाखवलं. वॉश बेसिनच्या पलीकडे एक पडदा होता, त्याच्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी. मी उठले आणि गेले. हे आज लिहिताना मला माझाच राग येतो. एक प्रश्न न विचारता मी उठले आणि गेले!

आत खिडकी नाही. एका कोपऱ्यात सोड्याचे क्रेट रचलेले. पंखा होता, पण बटण सापडलं नाही. टेबलं चार आणि माणूस एक, म्हणजे मी. पडद्यामुळे वेटरला मी दिसत नव्हते आणि मला वेटर दिसत नव्हता. पंचवीस मिनिटं वाट बघून शेवटी मीच बाहेर डोकं काढलं तेव्हा काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, पार्सल देऊ का? तेच बरं पडेल."

आणि मी पार्सल घेतलं. हॉस्टेलवर येऊन कॉटवर पेपर पसरून तो डाळ-भात खाल्ला. थंड. मला रस्त्याकडच्या ज्या टेबलावरून उठवलं होतं, तिथे जाताना बघितलं, आपल्याच कॉलेजची चार मुलं मजेत बसली होती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यातल्या एकाने विचारलं, "काल कोणाची वाट बघत होतीस?"

तर हे आमचं हॉटेलिंग, मित्रांनो. मुलगी हॉटेलात एकटी दिसली की दोनच शक्यता गृहीत धरल्या जातात : एकतर ती कुणाची तरी वाट बघतेय, नाहीतर तिचं कुणाशी तरी भांडण झालंय. तिला फक्त भूक लागलीये, ही तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही!

यावर गेलं वर्षभर मी विचार करतेय. (हो, सबमिशन सोडून.) आणि मला गंमत वाटते ती याची, की घराबाहेरचं मराठी जेवण उभं केलं कुणी? बायकांनीच ना! गिरणगावात आपल्या कोकणातून गेलेले हजारो चाकरमानी राहायचे. त्यांची बायका-मुलं गावाकडे. त्यांना दोन वेळ जेवायला घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकाच होत्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, कारण सावकाराशिवाय या बायकांना कुणी पैसे देत नव्हतं. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हाही पगार नसलेल्या कामगारांची ताटं याच बायकांनी भरली. म्हणजे रांधायला बाई, वाढायला बाई, उधारी सांभाळायला बाई. पण तीच बाई पैसे देऊन पुढच्या टेबलावर जेवायला बसली की "मॅडम, आतमध्ये"!

आणि हे कुठे? रत्नागिरीत! या गावाला 'कोण कुणाच्या शेजारी बसून खाणार' हा प्रश्न नवीन नाही. सावरकर इथे स्थानबद्धतेत असताना १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, हे आपण सगळे सांगतो. पाहुणे आले की दाखवतोही. पण १९३३ मध्ये त्यांनी इथेच एक अखिल हिंदू उपहारगृह सुरू करवलं होतं, हे मला इथे येऊन दोन वर्षांनी कळलं. ज्यांना तोवर हॉटेलच्या दारात उभं केलं जायचं, ते तिथे सगळ्यांच्या बरोबरीने बसून चहा पिऊ शकत होते. म्हणजे बघा, ज्याला आपण आज 'चहा मारायला जाऊ' इतक्या सहज म्हणतो, तेवढं साधं बसणंसुद्धा कुणाला तरी आधी मिळवावं लागलं.

पुढे ते राज्यघटनेतच आलं. ज्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तयार केलेल्या घटनेतलं कलम १५ वाचा. त्याचा दुसरा भाग सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. शाळेत आम्ही हे कलम सिव्हिक्सच्या पेपरसाठी पाठ केलं होतं. दोन मार्कांना! त्यात 'लिंग' हा शब्द आहे आणि 'हॉटेल' हाही आहे, हे मात्र त्या फॅमिली रूममध्ये बसल्यावर आठवलं.

आता कुणी म्हणेल, बाई गं, तुला कुणी अडवलं? आतच तर बसवलं! खरं आहे. मी काही कोर्टात जात नाहीये. वाद घालायचाय, तर दुसरी बाजूही ऐकायला हवी. म्हणून मी एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याच हॉटेलात गेले आणि काउंटरवरच्या काकांना सरळ विचारलं. त्यांनी चहा पाजला (पैसे घेतले नाहीत) आणि दोन कारणं सांगितली.

पहिलं : "रात्री कसलीपण माणसं येतात. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी तुझ्या काळजीनेच आत पाठवतो." दुसरं : "टेबल चार माणसांचं. रविवारच्या गर्दीत एकटं माणूस बसलं की तीन खुर्च्यांचा धंदा जातो."

पहिलं कारण मनापासूनचं होतं, त्यात शंका नाही. पण काका, मला सांगा, सुरक्षित जागा कोणती? जिथे रस्त्यावरून शंभर लोकांना मी दिसते ती, की जिथे पडद्याआड मी कुणालाच दिसत नाही ती? आणि त्रास देणारा बाहेर बसलेला असेल, तर उठायचं कुणी? त्याने की मी?

दुसरं कारण हिशेबाचं होतं, आणि हिशेब म्हटला की इंजिनिअरिंगवाल्यांचा हात शिवशिवतो. आमच्या ओ.आर.च्या पुस्तकात क्यूइंग थिअरी आहे. जॉन लिटल नावाच्या माणसाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे त्यात : आत सरासरी किती माणसं असतील, तर येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. तासाला बारा गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येक जण वीस मिनिटं बसला तर आत सरासरी चारच जण असतात. तीच माणसं तास-तासभर बसली तर बारा होतात. म्हणजे गर्दी येण्याने होते तेवढीच न उठण्यानेही होते! मी घड्याळ लावून बघितलंय. एकटीने थाळी संपवायला मला बावीस मिनिटं लागतात. आपल्याच थर्ड इयरच्या चार वीरांनी दोन ऑम्लेट-पाव आणि चार कटिंगवर एक तास दहा मिनिटं काढली. त्यांना कुणी 'आतमध्ये' पाठवलं नाही.

हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ते पोरगे रोजचे आहेत गो." बघा, आलं ना उत्तर? रोजचं झालं की चालतं. आम्ही रोजच्या कशा होणार, जर पहिल्याच दिवशी पार्सल हातात देऊन बाहेर काढलं तर?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करते. फॅमिली रूम ही वाईट हेतूने आलेली गोष्ट नाही. माझी आजी सांगते, तिच्या तरुणपणी बायका हॉटेलची पायरीच चढायच्या नाहीत. तेव्हा तो पडदा होता म्हणून ती आजोबांबरोबर आयुष्यातला पहिला मसाला डोसा खाऊ शकली. आजही कडेवर तान्हं मूल असलेल्या बाईला ती खोली हवी असते. तर खोली राहू दे. माझं म्हणणं एवढंच, की ती सोय असावी, शिक्षा नसावी. पडदा हवा की नको, हे आत जाणारीने ठरवावं.

सगळीकडेच असं आहे असंही नाही. माळनाक्याजवळ एक छोटी खाणावळ आहे. चार बाकडी, भिंतीवर देवाचा फोटो आणि खडूने लिहिलेले भाव. तिथल्या काकी जागा दिसेल तिथे कुणालाही बसवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा समोर एसटीचे एक कंडक्टर जेवत होते. मी दारात घुटमळले, तर काकी म्हणाल्या, "उभी काय गो बाय? बस. निवतंय सगळं." संपलं! ना फॅमिलीची चौकशी, ना कुणाची वाट बघतेस. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सुरमई आहे का विचारलं, तर काकी आणि कंडक्टरकाका दोघंही हसले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं ना! मग तांदळाची भाकरी, सुकट आणि कुळथाचं पिठलं मिळालं. कंडक्टरकाकांनी आपल्या वाटीतलं लोणचं पुढे सरकवलं. असं जेवण पडद्याआड मिळत नाही.

तर आता माझ्या मागण्या. लेख संपवताना मागण्या केल्याशिवाय विद्यार्थी असल्यासारखं वाटत नाही.

हॉटेलवाल्या काकांनो, "फॅमिली आतमध्ये आहे" याऐवजी "कुठे बसणार?" एवढंच विचारा. शब्द कमीच लागतात! आणि दोन माणसांची दोन छोटी टेबलं पुढे टाका, तुमच्या तीन खुर्च्यांचा प्रश्नही सुटेल.

रेक्टर मॅडम आणि मेस कमिटी, मुलींच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं, मुलांचं दहाला. हॉटेलांत रात्रीचं जेवण साडेसातला सुरू होतं. उरलेल्या अर्ध्या तासात जाऊन, जेवून, रिक्षा मिळवून परत यायचं, हे गणित लिटल साहेबांनाही सुटणार नाही. एकतर रविवारी रात्री मेसमध्ये निदान खिचडी ठेवा, नाहीतर रविवारपुरती गेटची वेळ साडेनऊ करा. आम्ही पार्सल घेतो ते आवडीने नाही, घड्याळाच्या भीतीने.

मुलांनो, तुमच्यासाठी सगळ्यात सोपं काम. ओळखीची मुलगी एकटी जेवताना दिसली तर मान हलवा आणि आपल्या ऑम्लेटकडे बघा. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बातमी वाचून दाखवायची गरज नाही.

आणि मैत्रिणींनो, आपणही जरा बसायला शिकूया. मी त्या दिवशी न विचारता उठले, ही चूक माझीच होती. गेल्या महिन्यात मी परत त्याच हॉटेलात गेले. त्याच टेबलावर बसले. वेटर आला, तोच होता. मी आधीच म्हटलं, "दादा, मी इथेच बसते." छाती अशी धडधडत होती की व्हायवाला धडधडत नाही! त्याने एकदा काउंटरकडे बघितलं, काकांनी मान हलवली आणि त्याने फडक्याने टेबल पुसलं. बस, एवढंच झालं. डाळ-भात गरम होता. थोडं मीठ जास्त होतं, पण ती तक्रार पुढच्या अंकात.

या रविवारीही मी तिथेच असेन, सात वाजता, कारण आठचं गेट अजून आठलाच आहे. टेबल चौघांचं आहे, तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. या.