पॅकेट पकडताय? मग पडद्यावर दिसू द्या

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यातला वजनकाट्याचा संगणक अडकला की ट्रकांची रांग फाटकाबाहेर जाते आणि मालकाचा फोन येतो, ‘भाऊ, किती टाइम?’ अशा वेळी तारेतून नेमकं काय चाललंय हे बघता आलं, तर निम्मं काम तिथंच होतं. काट्याच्या धुळकट केबिनमध्ये, नेट बंद असताना, नवं सॉफ्टवेअर कुठून उतरवणार? म्हणून नेटवर्कची पॅकेट, म्हणजे तारेतून जाणारे माहितीचे तुकडे, पकडण्याची सोय संगणकात मुळातच असावी, असं माझं मत आहे.

तशी ती आहेच. विंडोज १० मध्ये ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटबरोबर ‘पीकेटीमॉन’ गुपचूप येऊन बसला. मॅकमध्ये ‘टीसीपीडंप’ असतो. तो १९८८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिला गेला. दोघांनाही अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो. कागदावर हा बंदोबस्त उत्तम.

पण मोंढ्यातल्या आडतीवर किंवा सातबारा काढून देणाऱ्या केंद्रात जाऊन बघा. अ‍ॅडमिन सगळेच! एकच खातं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. तिथं कोणीही पकड सुरू करू शकतो. बँकेच्या साइटवरचा मजकूर सांकेतिक असतो, तो वाचता येत नाही. पण कोणती साइट उघडली ते बहुधा कळतं. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा राउटरचं सेटिंगचं पान मात्र पासवर्ड अनेकदा उघडाच पाठवतं.

मग सोयच काढून टाका, असं काही जण म्हणतात. त्यानं काय होणार? ज्याच्या हाती अ‍ॅडमिन खातं आहे तो पाच मिनिटांत वायरशार्कसारखं पॅकेट पकडणारं सॉफ्टवेअर टाकेल. हां, एक खरं: बाहेरून आणलेल्या हत्यारावर अँटिव्हायरस निदान भुंकण्याची शक्यता असते, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हत्याराकडे तो सहसा बघतही नाही. ही किंमत आहे आणि ती मला मान्य आहे.

मला खटकतं ते वेगळंच. मोबाइलचा माइक चालू झाला की वर हिरवा किंवा नारिंगी ठिपका येतो. आयफोनवर २०२० पासून, अँड्रॉइडवर २०२१ पासून. संगणक पॅकेट पकडत असतो तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नाही. पीकेटीमॉन तर ‘थांब’ म्हणेपर्यंत मागे चालूच राहतो. तंत्रज्ञ चहा पिऊन निघून गेला, ट्रक हलले, आणि पकडलेल्या पॅकेटांची फाइल डिस्कवर तशीच पडून.

हा ठिपका संगणकावरही यायला हवा, आणि तो विंडोज बनवणाऱ्यांनीच द्यायला हवा. पक्का चोर तो बंद करून टाकेल, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे चोरांपेक्षा विसरभोळेच जास्त, आणि ठिपका दिसला असता तर मालकानं निदान विचारलं तरी असतं, ‘भाऊ, हे काय चालूए?’