मृगाआधी एकदा छप्पर नीट पाहा



कोकणातल्या आपल्या वाड्यांमधली कौलारू घरं भराभर पत्र्याखाली जात आहेत. ज्याला खरोखर गरज आहे त्याने पत्रा जरूर घालावा. पण पुष्कळ घरांत दोन-चार वासे कुजलेले असतात, थोडी कौलं फुटलेली असतात आणि तेवढ्यावरून ‘सगळंच काढा, पत्रा टाका’ असं ठरून जातं. आपल्याला छपराची माहिती नसली की समोरचा सांगेल ते मान्य करावं लागतं. म्हणून विनंती आहे, की कामाला माणूस लावण्याआधी आपलं छप्पर आपण समजून घ्या.

दोन पाखी वर जिथे मिळतात तिथलं आडवं लाकूड म्हणजे आढं. तिथून भिंतीकडे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या त्या रिपा आणि रिपांना अडकून बसतात ती कौलं. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथे पन्हळ असते. भिंतीबाहेर येते ती वळचण. काम सांगायला आलेल्या माणसाला नेमकं विचारा, रीप गेली आहे की वासा? रिपा बदलणं थोडक्यात होतं. वासाही नुसता टोकाला कुजला असेल तर शेजारी दुसरा जोडून खिळवता येतो. पटाशीचं टोक वाशात दाबून पाहा. लाकूड ठणठणीत असेल तर ते काढू देऊ नका.

गळती शोधणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि तिथेच घाई होते. पाणी जिथे टपकतं तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही. वरच्या फटीतून आलेलं पाणी वाशाच्या खालच्या अंगाने हात-दोन हात ओघळतं आणि मग पडतं. भर दुपारी माळ्यावर जा, दिवा न लावता वर पाहा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खडूने खूण करा. एवढ्याने सापडलं नाही तर नळी लावून वळचणीपासून सुरुवात करा आणि थोडं थोडं वर सरकत पाणी सोडा, एकाने आत उभं राहावं. पुष्कळदा दोष कौलांचा नसतोच. आढ्यावरच्या कौलांखालचा चुना-सिमेंट तडकलेला असतो, किंवा पन्हळीत पाला साचून पाणी उलटं फिरतं. पुढे वाढवलेल्या पडवीला उतार कमी ठेवला असेल, तर वाऱ्याच्या जोरात पाणी कौलाखाली वर चढतं. तिथे कितीही कौलं बदला, गळती थांबणार नाही. उतारच वाढवावा लागेल.

आता कौलांविषयी. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही मंगलोरी कौलं आपल्याकडे घरोघर आली. जुनं कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव उठवलेलं दिसेल. ते नाव फार कामाचं आहे. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, त्यामुळे एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही आणि नेमकं तिथूनच पाणी आत येतं. नवी किंवा जुनी कौलं विकत घेताना घरचं एक कौल सोबत न्या, जोडून बघा. बोटाने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बाजूला ठेवा. 100 चौरस फुटांना साधारण 150 कौलं लागतात, त्यावर हिशेब करा.

3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडची माणसं विसरलेली नाहीत. वारा छप्पर उचलतो तो कडेने आणि आढ्याकडून. म्हणून वळचणीच्या एक-दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा रिपेला तारेने बांधून घ्या. बऱ्याच कौलांना खालून तार ओवायला भोक ठेवलेलं असतं. शाकारणी झाली की घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतील.

पत्रा घालायचाच असेल तर जाडी विचारून घ्या. खाऱ्या वाऱ्यात पातळ पत्रा लवकर गंजतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने तडकतो, तो दर दोन-तीन वर्षांनी पाहावा लागतो. वानरांच्या त्रासामुळे कौलं काढणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी कौलांखाली पत्रा हा मार्ग आहे. कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि वैशाखात आत बसवतं.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबाबत मात्र कळकळीने सांगतो. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कापताना, फोडताना, तारेच्या ब्रशने घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे. काढायचे झाले तर ओले करून, अख्खे काढा, तोंडाला चांगला मास्क बांधा, मुलांना दूर ठेवा. त्या पत्र्यांवर थेट पाय देऊ नका. ते अचानक तुटतात आणि माणूस खाली येतो. फळी टाकूनच चढा.

शेवटचं मागणं गावासाठी आहे. घर उतरवताना धड कौलं परसात टाकून देऊ नका. देवळाच्या धर्मशाळेजवळ कारखान्याच्या नावाप्रमाणे ती रचून ठेवू, ज्याला लागतील तो नेईल. शाकारणी जाणणारे हात आता थोडे उरले आहेत, म्हणून वाडीवार दिवस ठरवून काम घेऊ, आणि प्रत्येक वाडीतल्या दोन तरुणांनी त्यांच्या हाताखाली राहून ते शिकून घ्यावं. गावी कुलूपबंद घर असलेल्या मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी घराची एक किल्ली शेजारी ठेवावी आणि दुरुस्तीची परवानगी फोनवर तरी कळवावी. बंद घरातलं एक फुटकं कौल कुणी पाहत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांत खालचा वासा जातो. अक्षय्य तृतीयेपर्यंत आपापल्या घराचं काम आपल्या वाडीच्या प्रमुखाकडे नोंदवा.