नेम आपला, दारू परक्याची

स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हा म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाचे नाव घरोघरी पोहोचले. म्हाळुंगे हे मूळचे मुळशी तालुक्यातील गाव. २०२१ पासून ते पुणे महापालिकेत आहे. स्वप्नीलची जिद्द, दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन, गोळ्यांसाठी कर्ज काढणारे त्याचे शिक्षक वडील, या साऱ्यांचे यथोचित कौतुक झाले. परंतु शिक्षकाला कर्ज काढावे लागावे इतकी ती गोळी महाग का, आणि ती येते कोठून, हा प्रश्न हारतुऱ्यांच्या गर्दीत कोणी विचारला नाही.

नेमबाजीत नजर, श्वास आणि मन यांची साधना असते, हे खरेच. पण चाप ओढल्यानंतरचे सारे काम दारूचे असते. आजची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाची काळी पूड नव्हे. फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये निर्धूर दारू सिद्ध केली आणि रायफलचे युग पालटले. ही दारू जळण्याचा वेग दाण्याच्या आकारावर आणि त्यावरील लेपावर ठरतो. पिस्तुलाच्या आखूड नळीला झटकन जळणारी दारू लागते. लांब नळीच्या रायफलला सावकाश दाब वाढवत नेणारी. निवड चुकली तर नेम चुकतोच, प्रसंगी शस्त्रही फुटते. शिवाय हवामान आहे. थंडीत दारू मंदावते, उन्हात तापते. पौषातल्या पहाटे जमलेला नेम वैशाखातल्या दुपारी त्याच काडतुसाने जमेलच असे नाही.

अमेरिकेत अनेक नेमबाज घरच्या घरी तराजूवर दारू तोलून स्वतःची काडतुसे भरतात. आपल्याकडेही ही मुभा असावी, असे काही हौशी मंडळी अधूनमधून सुचवतात. आम्हास हे मान्य नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक केला आहे, तो योग्यच आहे. दारू ही घरात ठेवण्याची वस्तू नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून अलग असावा, दारूस ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, रात्रंदिवस पहारा असावा, इतक्या बारकाईने आज्ञा आहेत. याच मुळशीतील कोरीगडावर मार्च १८१८ मध्ये काय झाले, हेही स्मरावे. कर्नल प्रॉथरच्या तोफांना गड दाद देत नव्हता. अखेर एक गोळा दारूकोठारावर पडला, कोठार पेटले आणि गड गेला.

आणि ऑलिंपिकच्या या प्रकारापुरता हा वाद तसाही निरर्थक आहे. तेथे लागते ती पॉइंट टू-टूची गोळी. तिचे पेट घेणारे मिश्रण पितळी बुडाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड एकदा चेपली की टरफल भंगारात. म्हणजे दारू निवडण्याचा अधिकार कारखान्याचा. नेमबाजाच्या हाती उरते ती लॉटची निवड.

ही निवड मोठी मनोरंजक असते. भाजणी तीच, तेल तेच, सोऱ्याही तोच, तरी घाण्यागणिक चकली वेगळी उतरते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. काडतुसांचेही तसेच. पन्नास मीटरवरील लक्ष्यावर दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे. गोळीच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ती काही मिलिमीटर वर-खाली जाते. म्हणून अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंडच्या एलीच्या किंवा जर्मनीच्या आरडब्ल्यूएसच्या चाचणीकेंद्रावर जातात. तेथे रायफल शिकंजात आवळून एकामागून एक लॉट झाडले जातात. ज्या लॉटची छिद्रे सर्वांत दाट पडतात, त्याच लॉटची काडतुसे विकत घेतली जातात. विमानभाडे, परवाने, आयातीची प्रतीक्षा, हे सारे ज्यास परवडते त्यास ही निवड मिळते. कोल्हापूर-नाशिककडच्या शेतकऱ्याच्या मुलाने मिळेल तो डबा फोडावा आणि चूक आपल्या हाताची की गोळीची, या संभ्रमात हंगाम घालवावा!

वास्तविक पुण्याइतके या कामास योग्य शहर दुसरे कोणते? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. अग्निबाणांची इंधने घडविणारी डीआरडीओची उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळा सुतारवाडीस, म्हणजे म्हाळुंग्याच्या हाकेच्या अंतरावर. अग्निबाणाचे इंधन आम्ही करतो आणि खेळातल्या गोळीतली चिमूटभर दारू आम्हास जमत नाही, हे पटण्यासारखे नाही. अडचण विद्येची नसून मागणीची आहे. सैन्याला लाखो गोळ्या सारख्या चालतात, खेळाडूला काही हजार गोळ्या तंतोतंत सारख्या हव्या असतात. एवढ्या लहान गिऱ्हाइकासाठी वेगळी यंत्रे, वेगळे शिसे, वेगळी तपासणी कोण मांडणार?

ते शासनानेच मांडावे लागेल, आणि काही वर्षे तोटा सोसून. आरंभ म्हाळुंग्याच्या संकुलातच पन्नास मीटरच्या बंदिस्त चाचणीबोगद्याने करता येईल: एक शिकंजा, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य, वेगमापक आणि प्रत्येक लॉटची उघडपणे टांगलेली नोंद. आयात झालेले लॉट आधी तेथे तपासून खेळाडूंस वाटावेत, म्हणजे निवडीसाठी परदेशी जाणे नको. देशी गोळी त्याच बोगद्यात त्याच कसोटीस लावावी आणि निकाल लपवू नयेत. पहिली काही वर्षे ऑलिंपिकला जाणारा नेमबाज परदेशी गोळीच वापरील, त्याने वापरावीही. त्याच्या पदकावर प्रयोग करण्याचे कारण नाही. शालेय आणि जिल्हास्तरीय सराव मात्र देशी गोळीवर यावा, आणि तिची किंमत शिक्षकाच्या पगारात बसेल अशी असावी.